पान अकरावरचा माणूस

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुणी सांगायला नको. आई म्हणायची, लोकांच्या नाकावर राग असतो, आमच्या पॉलिनचं नाकच रागाचं आहे. दुबईत चौदा वर्षं चौथीला शिकवून फरक एवढाच पडला, की आता तो राग इंग्रजीत निघतो, ईमेलमधून, खाली ‘काइंड रिगार्ड्स’ लावून. पण ह्या वेळी मी जिच्यावर चिडले होते तिला ईमेल पाठवून उपयोग नव्हता, कारण ती मीच होते.

पुस्तक मी चर्चच्या हॉलमधल्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये घेतलं. मोठ्या आकाराचं, चित्रांचं, लहान मुलांसाठीचं. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक. दर दोन-तीन पानांना एक नवा वैमानिक. कुणी बर्माच्या जंगलावरून उडालेला, कुणी समुद्रात पडून चार दिवस रबरी होडीत तरंगलेला, आणि एक बाई, जी कारखान्यातून नवीकोरी विमानं उचलून एकटीच तळावर नेऊन पोचवायची. चित्रं इतकी सुरेख की घरी आणल्यावर आधी मीच दोनदा बघितली. ग्रेगरी, माझा नवरा, म्हणाला, अजून दोन पुस्तकं आण, मग आपण बाल्कनीत झोपू. त्याला शारजाच्या हमरियातल्या ऑफिसातून आमच्या अल बर्शाच्या घरी यायला रोज दीड तास लागतो, त्यामुळे संध्याकाळच्या त्याच्या विनोदांकडे मी लक्ष देत नाही.

वर्गात मला वाटलं होतं, पोरं जांभया देतील. ह्या शहरातल्या पोरांना विमानाचं कसलं कौतुक? दर जुलैत बसतात आणि उतरल्यावर सांगतात की नूडल्स थंड होत्या. पण त्या काळातल्या काही विमानांना वर छत नव्हतं, पुढचा पंखा हातानं फिरवून सुरू करावा लागायचा, हे ऐकलं आणि वर्ग गप्प झाला. अफनान म्हणून एक पोरगा आहे, त्यानं विचारलं, सीट बेल्ट होता का? होता, म्हटलं. त्याचं समाधान झालं.

इनाया तेव्हा काही बोलली नाही. ती बोलतच नाही. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसते. घर मूळचं रायगडातलं, म्हसळ्याकडचं. वडील खैरुद्दीन रास अल खोरच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहेत. पोरगी हुशार, तिला कळतं सगळं, पण मोठ्यानं वाचायला सांगितलं की अंधारात जिना उतरावा तशी प्रत्येक शब्दाशी थांबते, चाचपते, मग पुढं जाते. मागच्या बाकांवरून कुणीतरी उसासा टाकतं, की ती पार बंद.

मधल्या सुट्टीत ती ते पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि एका चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“मिस, व्हॉट इज हिज नेम?”

बोट वैमानिकावर नव्हतं. खाली विमानाच्या चाकाशी एक माणूस वाकला होता. निळे मळके कपडे, मागच्या खिशातून लोंबणारं फडकं, कानामागे खोचलेली सिगारेट. मेकॅनिक असेल कुणीतरी, मी म्हटलं. तिनं पान उलटलं. तोच माणूस, शिडी धरून. आणखी दोन पानं, पुन्हा तोच, ह्या खेपेला पंख्याशी. चित्रकारानं गंमत म्हणून एकच माणूस सात चित्रांच्या कोपऱ्यात घालून ठेवला होता आणि मजकुरात त्याच्याबद्दल अवाक्षर नव्हतं. मी दोनदा पुस्तक बघूनही तो मला दिसला नव्हता.

मग इनाया जे बोलली ते एका दमात, आणि अर्थात इंग्रजीतच, कारण आमच्या पोरांशी मराठीत बोला, उत्तर इंग्रजीतच येतं. ती म्हणाली, माझे पप्पापण फडकं असंच मागच्या खिशात ठेवतात. आणि सिगारेटपण तिथंच, कानामागे. दोन वर्षं झाली सोडून, पण एक तिथं ठेवतात, ओढत नाहीत. मम्मीला आवडत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, हे कुणाला सांगू नका. मी सांगणार नाही, म्हटलं.

त्या दिवसापासून ती त्या माणसाचं नाव शोधायला लागली. कुठंतरी लिहिलेलं असणारच अशी तिची खात्री होती. रोज मधल्या सुट्टीत पुस्तक घ्यायची, ओठ हलवत एक-एक ओळ काढायची, अडलं की मला विचारायची. हँगर म्हणजे काय, फॉग म्हणजे काय. नऊ दिवसांत तिनं अख्खं पुस्तक वाचलं. ज्या पोरीनं सप्टेंबरपासून एक गोष्ट धड पुरी केली नव्हती, तिनं! नाव सापडलं नाही म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. चौदा वर्षांत असे दिवस बोटावर मोजण्याइतके येतात, आणि आले की मला वाटतं, मी बरोबर नोकरीत आहे.

आता आमच्या शाळेची रीत सांगते. मोठ्यानं वाचायची एक परीक्षा असते. एक मिनिट, हातात पुस्तक, समोर स्टॉपवॉच. चौथीला ऐंशी शब्द यायला हवेत. इनायाचे सप्टेंबरमध्ये एकेचाळीस आले होते. दुसऱ्यांदाही कमी पडले, तर तिचं नाव वेगळ्या यादीत जाणार होतं, म्हणजे शेजारी बसायला आई-वडिलांनी स्वतःच्या खर्चानं एक वेगळी शिक्षिका आणायची, नाहीतर दुसरी शाळा बघायची. खैरुद्दीनभाईंना पहिलं परवडणारं नव्हतं, म्हणजे दुसरंच. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि इनायालाही माहीत होतं, कारण ह्या गोष्टी पोरांना कळू नयेत म्हणून मोठी माणसं जेवढं हळू बोलतात तेवढं पोरांना नीट ऐकू येतं.

परीक्षेचं पुस्तक वर्गशिक्षिकेनं निवडायचं असतं. मी ठरवलं, हेच पुस्तक. दुसरं कुठलं असणार?

पण शाळेत बाहेरचं पुस्तक वापरायचं तर त्याचा फॉर्म भरावा लागतो. कुठल्या पानावर काय आक्षेपार्ह आहे, याची यादी. हा नियम सरकारचा नाही, सरकारनं असं कुणाला काही सांगितलेलं नाही, हा आमच्या शाळेनं आमच्या शाळेलाच घाबरून केलेला आहे. गेल्या वर्षी मी शेतावरची एक गोष्ट वर्गात वाचली होती, तिच्यात ताटलीत एक सॉसेज निघालं आणि मला मेमो मिळाला. सॉसेज कशाचं होतं हे चित्रात कळत नव्हतं, हे मी ईमेलमध्ये लिहिलंही होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हा ह्या वेळी मी एका रविवारी टेबलाशी बसून, चष्मा लावून, पान न् पान तपासलं. पान पाच, बिअरचा ग्लास. पान वीस, कबरीवरचा क्रॉस. हो, क्रॉससुद्धा मीच लिहिला, गळ्यात क्रॉस घालून. आणि मग, माझ्या सुवाच्य अक्षरात, सात, अकरा, चौदा, सतरा, बावीस, पंचवीस, अठ्ठावीस: कानामागे सिगारेट असलेला माणूस.

लिहिताना मला जराही काही वाटलं नाही. उलट वाटलं, बघा, कशी नजर आहे माझी. ती नजर माझी नव्हती, एका नऊ वर्षांच्या पोरीनं मला उसनी दिली होती आणि कुणाला सांगू नका म्हणाली होती, हे डोक्यातच आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात दुसरीचा होता.

हे फॉर्म बघायचं काम नबिलाकडे. नबिला रत्नागिरीची, माझी शाळेतली एकुलती एक मैत्रीण. माझ्या डब्यातली वसईची वाळवलेली सुकेळी तिला, तिच्या डब्यातलं सांदण मला, अशी आमची आठ वर्षांची देवाणघेवाण. तिनं फॉर्म पास केला आणि बुधवारी दुपारी पुस्तक वर्गात परत पाठवलं. परीक्षा गुरुवारी सकाळी होती आणि पान अकरा ठरलं होतं, तेच, त्या विमानं पोचवणाऱ्या बाईचं.

मी फळ्यावर लिहीत होते. मागं वळले तर इनाया टेबलाशी उभी. पुस्तक उघडं. दुकानात किंमत लिहायला लावतात तसे गोल पांढरे स्टिकर असतात ना, ते. बिअरवर आणि क्रॉसवर एकेक, आणि त्या माणसावर सातही ठिकाणी. सिगारेट कानामागे, म्हणजे स्टिकर डोक्यावर, म्हणजे माणसाला तोंडच नाही. नबिलाचा हात फार नीटनेटका आहे, एकही स्टिकर वाकडा नव्हता.

“ही इज गॉन,” इनाया म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “डिड यू टेल?”

  उत्तराला न थांबता ती पुस्तक तिथंच ठेवून जागेवर जाऊन बसली आणि घंटा होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नाही, पार्किंग आहे.

शाळा सुटल्यावर मी नबिलाला स्टाफरूममध्ये गाठलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. एवढं मोठं पुस्तक, एवढं युद्ध, बॉम्ब, बुडणारी माणसं, ते सगळं चालतं, आणि एक न पेटवलेली सिगारेट चालत नाही? तिनं ऐकून घेतलं. मला ओळखते ती.

“पॉलिन, मला ती सिगारेट दिसलीपण नसती,” ती म्हणाली. “तू लिहिलंस म्हणून दिसली.”

मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे, ते झालं की काढ स्टिकर, यल्ला, चल, कोण बघतंय. आणि उद्या पोरीनं शब्द वाचायचेत, चित्र नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्यानं मी जास्तच भडकले. तिनं डबा पुढं केला, त्यात सांदण होतं. मी न घेता, पुस्तक पिशवीत घालून निघून आले. खोटं कशाला सांगू, बसमध्ये त्या सांदणाची आठवण आली.

घरी येऊन मी केस वाळवायचा ड्रायर काढला. कुठंतरी वाचलं होतं, गरम हवेनं गोंद सुटतो. परीक्षा पान अकराची, म्हणून आधी पान अकरा. हवा मारली, नखानं कड उचलली, निघतोय असं वाटलं, ओढला. स्टिकर आला आणि त्याच्याबरोबर त्या माणसाचं तोंडही आलं. कागदाचा वरचा पापुद्राच सोलून निघाला. मागं एक पांढरा, लव आलेला गोल राहिला. स्टिकरला उलटं करून बघितलं तर त्याच्या चिकट बाजूला एक कान आणि सिगारेट.

मी रडले. दुःखानं नाही, संतापानं. पहिल्यांदा पोरीचा विश्वास घालवला, आता पानही घालवलं, आणि दोन्ही वेळा काम किती काळजीपूर्वक केलं!

मग वर्गाच्या यादीतून नंबर काढून खैरुद्दीनभाईंना फोन लावला. खरं तर एवढंच सांगायचं होतं, की उद्या इनाया वाचेल-न वाचेल, तिला घरी रागावू नका. पण बोलता बोलता मी सगळं सांगून टाकलं, पुस्तक, स्टिकर, ड्रायर. त्या माणसाच्या कानामागं काय आहे तेवढं मात्र सांगितलं नाही. मागं हातोड्याचा ठणठणाट चालला होता. तो थांबला.

“मिस, स्टिकर काढायचं तर आमचं रोजचं काम,” ते म्हणाले. “गाड्यांच्या काचेवरचे. पुस्तक घेऊन या. मीच आलो असतो, पण गाडी वर टांगलेली आहे.”

मी टॅक्सी केली. चाळीस दिरहम, म्हणजे हजार रुपये, असं मी सवयीनं मोठ्यानं म्हटलं आणि ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. रास अल खोरला त्या बाजूला मी कधी गेले नव्हते. एकाला लागून एक शटरं, बाहेर उघड्या बोनेटच्या गाड्या, टायरांच्या चळती. खैरुद्दीनभाई दारातच उभे होते. मी आत पाऊल टाकायच्या आधी त्यांनी दोनदा साबणानं हात धुतले. तरी नखांच्या कडा काळ्याच होत्या. मग माझ्या लक्षात आलं, पालकांच्या मीटिंगला हा माणूस हात टेबलाखाली का ठेवून बसतो ते.

स्टुलावर त्यांनी कोरा पेपर पसरला, त्यावर पुस्तक ठेवलं. लायटरचं पेट्रोल, कापूस, दाढीचं ब्लेड. कापसानं स्टिकर ओला करायचा आणि थांबायचं. कागद पारदर्शक होतो, खालचं तोंड अंधुक दिसायला लागतं. मग ब्लेड आडवं धरून कड उचलायची. पेट्रोल उडून जातं, डाग राहत नाही. घाई केली की कागद जातो, ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, हे त्यांचं सौजन्य.

सहाच्या सहा डोकी परत आली. शेवटचं निघाल्यावर त्यांनी ब्लेड खाली ठेवलं आणि त्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांचा हात हळूच स्वतःच्या कानामागे गेला, तिथली सिगारेट काढून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली आणि ओशाळले.

“ह्याचं नाव काय?” त्यांनी विचारलं.

पुस्तकात दिलेलं नाही, मी म्हटलं. इनायानं सगळं शोधलं, नाहीये.

“नसतंच,” ते म्हणाले.

मग मी त्यांना पान अकरा दाखवलं. ह्याला त्यांच्याकडे औषध नव्हतं. जे सोललं गेलं ते गेलं. निदान ती वर आलेली लव बसावी म्हणून त्यांनी अंगठा त्यावर दाबला, आणि उचलला तर तिथं काळा ठसा. दोनदा धुतलेल्या हाताचा. रेघा न् रेघा स्पष्ट. माणूस पांढराफटक पडला. तीन वेळा माफी मागितली. पुसायला गेले, तर मी हात धरला, म्हटलं, पुसलं की पसरेल, असू दे. आणखी काय करणार होते? परत येताना पूर्ण रस्ताभर मला पेट्रोलचा वास येत होता आणि मी मनात उद्याचे ऐंशी शब्द मोजत होते.

गुरुवारी इनायाची बस उशिरा आली, त्यामुळे तिच्याशी बोलायला मला एक मिनिटही मिळालं नाही. तशीही ती माझ्याकडे बघत नव्हती. परीक्षा घेणारे सुदेश सर शांत गृहस्थ आहेत, पण घड्याळाचे पक्के. मी कोपऱ्यात खुर्चीवर, बोलायची मनाई. इनायानं पान अकरा उघडलं. सरांनी बटण दाबलं.

तिनं सुरुवात केली ती खाली मान घालून, सपाट आवाजात, पण न अडखळता. धुकं पडलेलं असतं, बाई विमानात चढते, हातमोजे घालते. मी बोटांवर मोजत होते. मोजता मोजता मध्येच आवाज थांबला.

तिची नजर पानाच्या कोपऱ्यात गेली होती. तिनं पुस्तक उचलून नाकाशी नेलं आणि वास घेतला. मग त्या ठशाकडे बघितलं. मला ओरडावंसं वाटत होतं, वाच गं बाई, वाच, घड्याळ चाललंय. पाच सेकंद. आठ. दहा. तिनं आपला अंगठा त्या ठशाच्या शेजारी ठेवून बघितला, आणि हसली.

“पप्पा,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

आणि मग ती वाचायला लागली. इनाया अशी वाचू शकते हे मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. धुकं, धावपट्टी, वारा, सगळं भराभरा. घड्याळ वाजलं. ती थांबली नाही. पान संपलं, तिनं स्वतः उलटलं आणि पुढचंही वाचून काढलं. सुदेश सरांनी पेन्सिल खाली ठेवली होती, पण तिला थांबवलं नाही.

घड्याळ वाजेपर्यंतचे शब्द त्र्याहत्तर.

इनायाला वर्गात पाठवून मी सरांशी भांडले. तुमच्या कानांनी ऐकलंत ना? ऐकलं, ते म्हणाले. पोरीला येतं, मलाही दिसलं, पण शीटवर त्र्याहत्तरच लिहावे लागणार. मग त्यांनी शीट माझ्याकडे सरकवली आणि सर्वांत खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. परीक्षेत अडथळा आला असल्यास वर्गशिक्षिकेचं निवेदन. अडथळा खरा असेल आणि तो कुणामुळे आला हे स्पष्ट लिहिलेलं असेल, तर सोमवारी फेरपरीक्षा. नाहीतर आजचा आकडा कायम.

पुन्हा फॉर्म! मी स्टाफरूममध्ये येऊन तो समोर ठेवून बसले. नबिला आली, तिनं खांद्यावरून वाचलं आणि तिला सगळं लगेच कळलं. म्हणाली, पोट दुखत होतं म्हणून लिही आणि खलास. लहान पोर आहे, कोण विचारतंय? नाहीतर स्टिकर काढलेस हे कळेल, आणि गेल्या वर्षीच्या त्या मेमोनंतर हा दुसरा.

सोपं होतं. पण पोट दुखत होतं असं लिहिलं की त्या फाईलमध्ये इनायाच्या नावापुढे आणखी एक दुखणं लागणार. आधीच हळू वाचते, वर आजारी. दुसरा मेमो म्हणजे काय हे मला माहीत होतं, एप्रिलमध्ये कॉन्ट्रॅक्ट नवं करायच्या वेळी तो टेबलावर येतो. ग्रेगरीच्या पगारात एकट्यानं अल बर्शात राहता येत नाही. हे सगळं डोक्यातून गेलं, गेलं नाही असं सांगणार नाही.

“एकदा मी तिची गोष्ट फॉर्मवर लिहिली,” मी नबिलाला म्हटलं. “आता माझी लिहिते.”

आणि लिहिली. शाळेनं लावलेले स्टिकर मी परवानगी न घेता काढले. ते काढताना पान अकरा माझ्या हातून फाटलं. त्या पानामुळे विद्यार्थिनी वाचताना थांबली. चूक विद्यार्थिनीची नाही. खाली सही, तारीख. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं. नबिला तोवर उभीच होती. ती फक्त एवढंच म्हणाली, माझं नाव त्यात घालू नकोस. घातलं नव्हतं. शुक्रवारी माझ्या खणात एक डबा होता, सांदणाचा. मी तो खाल्ला, पण तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पुस्तक गुरुवारी दुपारीच जप्त झालं होतं. आता ते नबिलाच्या कपाटात आहे, कुलपात. मी तीन ईमेल पाठवले. उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. विचाराधीन!

त्यामुळे सोमवारी फेरपरीक्षेला पुस्तक नव्हतंच. सुदेश सरांनी कुठूनतरी एक छापील कागद आणला. दात कसे घासावेत. वर्तुळाकार, दिवसातून दोनदा, जिभेवरूनही. इनायानं तो कागद घेतला आणि सरळ वाचत गेली, एकदाही न थांबता, एकदाही वर न बघता. सत्त्याऐंशी. सरांनी आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि पहिल्यांदा हसले.

इनायानं कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मागं कोरं होतं. मग तिनं तो मला परत दिला.

“मिस, देअर इज नोबडी इन धिस,” ती म्हणाली.

मेमो त्याच दिवशी आला. दोन परिच्छेद, खाली काइंड रिगार्ड्स. वाचला आणि समजला, अशी सही करून द्यायची असते. मी करून दिली. मग पोरं घरी जायला बसच्या रांगेत उभी राहत होती तिथं गेले, इनायाला बाजूला घेतलं आणि तिच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. हो, मीच सांगितलं होतं. लिहून दिलं होतं. माझं चुकलं. तिनं पाठीवरच्या दप्तराचे पट्टे ओढले. मग विचारलं, पुस्तक कुठंय? कपाटात, मी म्हटलं.

“इज ही इन देअर? ऑल सेव्हन?”

“हो,” मी म्हटलं. “सातही.”

तिनं मान डोलावली आणि जाऊन रांगेत उभी राहिली.